मधल्या आळीची खुर्ची

पासलीत कुठलीही गोष्ट एका घरात मुक्काम ठोकत नाही. देवळाच्या पंचांतली जागा, पाण्याच्या टाकीची किल्ली, भंडाऱ्याची मोठी पातेली, सगळं एक वर्ष एका आळीत राहतं आणि पाडव्याला पुढच्या आळीत जातं. खालची आळी, मधली आळी, वरची आळी, की पुन्हा खालची. पातेल्याला पोचा कुणी पाडला यावरून गावात भांडणं झाली आहेत, पण पातेलं कुणाकडे असावं यावरून कधी नाहीत.

त्यामुळे एका पाडव्याला सरपंच कुंडलिकतात्यांनी देवळासमोर सांगितलं, की भोरच्या मंडळानं आपल्या भागाला एक खुर्ची दिली आहे, तेव्हा मंडळ कसलं हे कुणी विचारलं नाही. पहिला प्रश्न आला तो, पाळी कुणाची.

"मधल्या आळीची," तात्या म्हणाले. "पर बाईमानूस पायजे म्हंत्यात."

मधल्या आळीत गेनबा सगळ्यांत वडील. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, बायका बसल्या होत्या तिकडं एकवार पाहिलं आणि म्हणाले, "आमची सून जाईल. सुलक्षणा. पुन्याला कंपनीत व्हती ती, तिला यष्टीची समदी म्हाईती हाय."

यष्टीची माहिती ही त्या खुर्चीसाठी गावाला पुरेशी पात्रता वाटली. सुलक्षणालाही वाटली. पासलीहून नवऱ्याच्या, सोमनाथच्या, सीटवर चालणाऱ्या वडापच्या जीपनं वेल्ह्याला, तिथून एसटीनं नसरापूर, मग कापूरहोळ, मग भोर. महिन्यातून एकदा जायचं, बसायचं, चहा घ्यायचा, यायचं. वर्षभर आळीचा मान सांभाळायचा आणि पाडव्याला पुढच्याच्या हाती द्यायचा. टाकीच्या किल्लीपेक्षा हे सोपंच. किल्लीला निदान पहाटे उठावं लागतं.

'भोर-वेल्हे कौशल्य व शिक्षण मंडळ' म्हणजे भोरच्या पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानावरचा मजला. एका खोलीत शिवणाची मशीनं, एका खोलीत वायरमनच्या पोरांसाठी लाकडी फळीवर ठोकलेली बटणं आणि होल्डर, आणि रस्त्याच्या बाजूच्या खोलीत सभेचं टेबल. सचिव उपेंद्र करंदीकर सगळी नोकरी बँकेत काढलेले. समोर कागद आला की आधी तो उलटा करून मागची बाजू बघायचे, मग पुढची. त्यांचा एक नेम होता: नवीन माणूस आलं की टेबलाभोवतीच्या प्रत्येकानं आपण पोटासाठी आजवर काय केलं ते सांगायचं. नाव, गाव नंतर. "पदव्या सांगू नका," ते बजावायचे, "काम सांगा."

सुलक्षणाच्या पहिल्या सभेत सगळ्यांनी सांगितलं. करंदीकरांनी बँक सांगितली, आणि सुरुवातीला बापाच्या किराणा दुकानात पुड्या बांधल्या तेही सांगितलं. अद्वय त्या टेबलावर वयानं सगळ्यांत लहान. चाकणला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीयर होता, ती नोकरी सोडून किकवीजवळ पत्र्याचे भाग बनवायचा छोटा कारखाना टाकलेला. बोलता बोलता नखांतलं ग्रीस काढत होता. इंद्रजित वकील भोरच्या कोर्टात वकिली करायचे, पण घर शेतकऱ्याचं. करंदीकरांशी पुस्तकासारखं बोलायचे आणि सुलक्षणाकडे वळले की, "काय म्हंतोय वेल्ह्याचा इंद्रायणी भात?"

शेवटी पांढऱ्या केसांच्या, ताठ बसलेल्या बाई बोलल्या. सरोज मॅडम. पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात मेट्रन होत्या, निवृत्त होऊन भोरला परतल्या.

त्यांनी सांगायची गरज नव्हती. दारातून आत येतानाच सुलक्षणानं त्यांना ओळखलं होतं आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाची खुर्ची धरली होती.

कारण सुलक्षणा पुण्याला कंपनीत नव्हतीच. ती घरोघरी राहून पेशंट सांभाळायची. एक ब्युरो होता, तो पत्ता द्यायचा आणि आपण पिशवी घेऊन जायचं. लकव्याची माणसं, हाड मोडलेल्या म्हाताऱ्या, बोलणं गेलेले, भान गेलेले. त्यांना भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची, चादर बदलायची, भांडं द्यायचं आणि भांडं धुवायचं. नऊ वर्षं तिनं हे केलं. त्यांतली दोन वर्षं सरोज मॅडमच्या थोरल्या भावाच्या खोलीत गेली. मॅडम दर रविवारी भावाला भेटायला यायच्या.

घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पहिल्यांदा ती पुण्याला गेली तेव्हा कुणीतरी गेनबांना विचारलं, सून कुठं गेली, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कंपनीत." एकदा निघालेला शब्द मग सगळ्या घरानं सांभाळला. परक्या पुरुषाचं अंग पुसणारी सून, असं गेनबांच्या जिभेवर यायलाच तयार नव्हतं.

टेबलाशी तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "शेती. भाताची." आणि खाली बघितलं. करंदीकर काही विचारणार, तोच सरोज मॅडमनी त्यांना हातानं थांबवलं. सभा सुटल्यावर जिन्यात मात्र तिच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला वाटेल तेव्हा सांगा. मी होऊन विषय काढणार नाही." जग लहान असतं, सुलक्षणाला वाटलं. याहून जास्त काही तिला वाटलं नाही.

वर्षभर ती त्या खुर्चीवर पाठ न टेकता बसली. दुसऱ्याच्या घरचं भांडं आणलं की कसं जपून वापरतो, तसं. विचारलं तर बोलायची, नाही तर नाही. फक्त एकदा तिला आपणहून बोलावंसं वाटलं. भाताची काढणी उरकल्यानंतरच्या एका सभेत, वेल्ह्यात रुग्णसहाय्यकांचा वर्ग काढायचा, असा विषय सरोज मॅडमनी मांडला. गावांतून मुली पुण्याला याच कामाला जातात, शिकवत कुणीच नाही, आपण शिकवू. सुलक्षणाचा हात आपोआप कमरेवर गेला. तिची कंबर याच कामात गेली होती. पहिल्याच पेशंटच्या घरी तिनं पूर्ण वाढलेल्या माणसाला काखेत हात घालून, भाताचं पोतं उचलावं तसं उचललं होतं. वर्षानुवर्षं तशीच उचलत राहिली. पलंगाची उंची वाढवून घ्यावी, गुडघे वाकवावेत, माणसाला न ओढता खालची चादर ओढावी, हे सरोज मॅडमनी एका रविवारी भावाच्या पलंगाशी उभं राहून तिला करून दाखवलं. पण तोवर उशीर झाला होता. ती गावी परतली ती कमरेमुळेच. गावात सांगितलं, मशीनवर उभं राहून कंबर धरली.

हे सगळं त्या दिवशी तिच्या ओठांपर्यंत आलं. पण खुर्ची आपली नाही, आळीची आहे, आळीच्या खुर्चीवर बसून आपलं काय सांगायचं, असं म्हणून तिनं चहाचा घोट घेतला.

आणि पाडवा आला.

पाडव्याला टाकीची किल्ली, पंचांतली जागा आणि पातेली वरच्या आळीत गेली. खुर्चीही जायला हवी होती. वरच्या आळीनं कुमारचं नाव ठरवलं. कुमार तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्यात, गड चढायला येणाऱ्या पोरांसाठी तंबू आणि जेवणाची सोय करायचा. बोलका, कामसू, आणि मानाच्या बाबतीत जरा हळवा. नात्यानं सुलक्षणाचा चुलतदीर. 'बाई पाहिजे' ही अट गेल्या वर्षाची होती असं वरच्या आळीनं आपसात ठरवून टाकलं.

त्यानंतरच्या सभेला सुलक्षणा कुमारला घेऊनच भोरला गेली. त्यानं नवा पांढरा शर्ट घातला होता, डोक्याला तेल, हातात नारळ. तिच्या पिशवीत पान, सुपारी आणि एक नाणं होतं. गावात किल्ली देताना असाच विडा देतात.

सभा सुरू व्हायच्या आधीच ती उठली, कुमारच्या हातात विडा ठेवला, त्याला आपल्या खुर्चीकडे हात केला आणि टेबलाकडे वळून म्हणाली, "आमचं वरीस झालं. आता वरच्या आळीची पाळी. हे आमचे कुमार भावजी."

कुमार बसला. नारळ त्यानं टेबलावर ठेवला, तो घरंगळत करंदीकरांच्या पुढ्यात गेला. करंदीकरांनी तोही सवयीनं उलटा करून बघितला. अद्वयनं घाईघाईनं पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

पहिल्यांदा उलगडा झाला तो इंद्रजित वकिलांना. "अहो साहेब," ते करंदीकरांना म्हणाले, "हे पाडव्याची पाळी बदलतायत. गावात देवळाचे पंच असेच बदलतात. यांनी आपल्याला देवस्थान धरलंय."

मग करंदीकरांनी समजावलं. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, हेच कुमारला जास्त लागलं असावं. सदस्य तीन वर्षांसाठी असतो. नाव सरकारदरबारी नोंदवलेलं असतं. नेमणूक माणसाची असते, गावाची नाही, आळीची तर नाहीच. सदस्यानं राजीनामा दिला तर जागा रिकामी होते, मग मंडळ दुसरं माणूस शोधतं.

"मंग आमच्या आळीचं काय?" कुमार म्हणाला.

"आळीचा यात काही संबंधच नाही हो."

"संबंद न्हाई कसा? मधल्या आळीनं वरीसभर मान घेतला की."

"मान आळीला नव्हता दिला," करंदीकर म्हणाले. आणि मग, सरळ माणसाच्या सरळपणानं, ते पुढचं बोलून गेले. "मी तुमच्या सरपंचांना फोनवर सुलक्षणाताईंचं नाव घेऊन सांगितलं होतं. त्यांनी नऊ वर्षं रुग्णसेवेचं काम केलंय, घरोघरी राहून. सरोज मॅडमनी स्वतः पाहिलंय. आपल्याला वेल्ह्यात त्याचाच वर्ग काढायचाय, म्हणून त्यांना बोलावलं."

सरोज मॅडमनी डोळे मिटून घेतले.

सुलक्षणा उभीच होती. एका वाक्यात दोन गोष्टी तिच्या अंगावर आल्या होत्या. एक, खुर्ची पहिल्यापासून तिची होती. दोन, आता कुमारला कळलं होतं.

कुमारनं विडा टेबलावर ठेवला आणि उठला. चहा आला तो त्यानं उभ्यानंच घेतला. अद्वयनं सावरायचा प्रयत्न केला, तंबूंचा धंदा कसा चालतो ते विचारलं, आणि खरंच लक्ष देऊन ऐकलं. कुमारनं उत्तरं दिली. पण लक्ष त्याचं सुलक्षणाकडे होतं.

नसरापूरपर्यंत गर्दीत दोघांना वेगवेगळं उभं राहावं लागलं. वेल्ह्याच्या गाडीत दोघांना मागची जागा मिळाली, तेव्हा खिडकीबाहेर बघत त्यानं विचारलं, "म्हंजी वहिनी, तुमी लोकांचं हागणं-मुतणं काढत व्हता?"

"व्हय."

"बाप्यांचं बी?"

"आजारी मानूस बाप्या ऱ्हात न्हाई, भावजी."

त्यानं खिडकीची काच ओढून घेतली. मग म्हणाला ते धमकीसारखं म्हणाला नाही, एखादा व्यवहार जुळवावा तसं म्हणाला. वरच्या आळीनं आपल्याला मानानं नारळ हातात देऊन भोरला धाडलं, आता रिकाम्या हातानं परत जायचं, ते कसं दिसेल. वहिनींनी राजीनामा द्यावा. आपल्याला नाही मिळाली तर नाही, पण मग मधल्या आळीकडंही राहायला नको, हिशेब सरळ होतो. तेवढं झालं तर भोरात जे कानावर पडलं ते भोरातच राहील. गेनबाकाकांच्या वयाचा मान आपल्यालाही आहे.

"इचार करा," तो वेल्ह्याच्या स्टँडवर उतरताना म्हणाला. "ऐतवारी देवळात बसायचंय."

घरी तिनं सगळं सांगितलं. गेनबांना विचार करायला वेळ लागला नाही. राजीनामा देऊन टाक म्हणाले. खुर्ची काय पिकवून खायची आहे? इतकी वर्षं झाकलं, आता एका खुर्चीपायी देवळासमोर उघडं पाडायचं? सासूबाई, धोंडाबाई, तांदूळ पाखडत होत्या. सून पुण्याला असताना दोन्ही लेकरं त्यांच्याच पदराखाली वाढली होती. सूप न थांबवता त्या म्हणाल्या, "त्याच कामावर नातीचं, शेफालीचं, शिक्षान झालं, त्याच कामावर ह्या घरावर पत्रा चढला. तवा न्हाई तुमाला वास आला." गेनबा उठून बाहेर गेले.

सोमनाथ स्वभावानं कमी बोलणारा. तो जीप पुसत होता, ती पुसता पुसता त्यानं विचारलं, "तुज्या मनात काय हाय?"

हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं. राजीनामा दिला तर काय होईल ते तिला ठाऊक होतं. सरोज मॅडमनी निघताना सांगितलंच होतं: वेल्ह्याकडच्या मुली अनोळखी माणसाच्या शब्दावर येणार नाहीत, घरातनं कुणी पाठवणार नाही. तुम्ही नसाल तर वर्ग किकवीला काढावा लागेल. तिथं हायवे आहे, गाडी आहे, मुलीही मिळतील. पासलीच्या मुली मग जायच्या तशाच पुण्याला जातील, पिशवी घेऊन, ब्युरोनं दिलेल्या पत्त्यावर.

पण मुलींचं हे अर्धंच होतं. उरलेलं अर्धं तिचं स्वतःचं होतं आणि ते तिला कबूल करायला जड जात होतं. नऊ वर्षं केलेल्या कामाला पहिल्यांदाच कुणीतरी काम म्हटलं होतं. त्यासाठी खुर्ची दिली होती, सासऱ्याच्या वयासाठी नाही, आळीच्या फेऱ्यासाठी नाही. आणि तिनं तीच खुर्ची, पानसुपारी घालून, दुसऱ्याच्या हातात ठेवली होती.

"मला ती सोडायची न्हाई," ती म्हणाली.

"मंग नको सोडू," सोमनाथ म्हणाला, आणि फडकं पिळलं.

रविवारी सकाळी देवळासमोर तिन्ही आळ्या जमल्या. पुरुष पारावर, बायका ओट्याच्या कडेला. आधी टाकीच्या गळतीचं बोलणं झालं, मग कुमार उभा राहिला. मंडळवाल्यांनी आपल्याला परत पाठवलं, ते म्हणतात पाळीबिळी नाही. ठीक. पण गाव पाळी मानतं की नाही? मधल्या आळीनं एक वर्ष घेतलं, आणखी दोन वर्षं त्यांच्याकडेच राहणार. आज खुर्ची ठेवली, उद्या कुणी किल्ली ठेवील. बोलण्यात खोट नव्हती. पारावरच्या माना हलल्या.

गेनबा उठले. "मधल्या आळीनं आजवर कुनाची वस्तू ठिवली न्हाई," ते म्हणाले. "आमची सून राजीनामा देनार हाय. इषय मिटला."

"मामा," ओट्याकडून आवाज आला, "म्या राजीनामा देनार न्हाई."

सासऱ्याचं बोलणं देवळासमोर खोडणारी सून पासलीनं त्याआधी पाहिली नव्हती. सुलक्षणाला उठताना कमरेला हात द्यावा लागला. ती तशीच, हात कमरेवर ठेवून बोलली, त्यामुळे भांडायला उभी राहिल्यासारखी दिसत होती. पण आवाज बारीक होता.

"खुर्ची पाळीनं आली असं मला बी वाटत व्हतं. म्हून तर म्या भावजींस्नी घिऊन गेले. ती पाळीची न्हाई. म्या पुन्याला कंपनीत न्हवते. म्या आजारी मान्सं सांबाळायची. बाया बी, बापे बी. त्यांचं समदं करायची, समदं म्हंजी समदं. त्या कामापायी मला बोलावलंय. किल्ली गावाची हाय, गावानं फिरवावी. हे काम म्या केलंय, ते कुनाला फिरवून देता येत न्हाई."

कुमारनं मान खाली घातली. वेल्ह्याच्या गाडीत जे त्याच्या हातात आलं होतं, ते तिनं स्वतःच सगळ्यांसमोर टाकून दिलं होतं.

पारावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. तेव्हा बोलल्या त्या ठकुबाई, कुमारची आई, ओट्याच्या दुसऱ्या टोकावरून, कुणाकडेही न बघता. "कंपनीत म्हनं. महिन्यानं घरी यायची, तवा हाताला दवाखान्याचा वास यायचा. कंपनीत काय इंजेक्शनं बनवत व्हती? समद्या बायास्नी ठावं व्हतं."

"मंग बोलली का न्हाईस कदी?" पारावरून कुणीतरी विचारलं.

"तुमी ईचारलं व्हतं का?"

ओट्यावर हसू फुटलं, पारावर नाही. गेनबा अजून उभेच होते. इतकी वर्षं ज्यांच्यापासून झाकलं, त्यांतल्या अर्ध्यांना ते ठाऊक होतं, आणि झाकायला उरलं होतं ते फक्त त्यांचं स्वतःचं तोंड. त्यांनी सरपंचांकडे पाहिलं. "तात्या, तुमाला बी ठावं व्हतं?"

कुंडलिकतात्यांनी घसा साफ केला. भोरच्या साहेबांनी फोनवर नाव सांगितलं होतं, काम सांगितलं होतं. पण तुम्ही गावात कंपनी सांगत होता. तुमचं झाकलेलं मी कशाला उघडू? बघितलं तर पाळीही मधल्या आळीचीच होती. "म्हनलं, बाईमानूस पायजे म्हनलं की तुमी सुनंलाच फुडं करनार, न सांगता दोन्ही जुळतंय. पुढल्या पाडव्याचं माज्या ध्यानात आलं न्हाई."

"कामाचं काय बी असू द्या," कुमार म्हणाला. त्याच्या आवाजातली धार गेली होती, पण मुद्दा त्यानं सोडला नाही. "वहिनीचं काम वहिनीचं. मान्य. पर गावात तर ती पाळीनंच दिली ना? वरच्या आळीचा एक मान बुडालाच की."

हेही खरं होतं, आणि ते खरं असल्याचं तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. तात्यांनी इकडंतिकडं बघितलं. मंडळाला पत्र लिहावं, असं कुणीतरी सुचवलं. पत्रानं काय होणार, असं दुसऱ्यानं सांगितलं.

"पंचांतली आमची पुढली पाळी वरच्या आळीनं घ्यावी," गेनबा म्हणाले.

सोमनाथनं चमकून बापाकडे पाहिलं. पंचांतली जागा नुकतीच मधल्या आळीकडून गेली होती. पुन्हा यायला दोन वर्षं होती, आणि तेव्हा ती गेनबांचीच असणार होती. ती सोडली म्हणजे त्याच्या पुढची, आणखी तीन वर्षांनी. सत्तरीच्या पुढच्या माणसानं इतक्या लांबचं धरू नये, हे गेनबांना सांगायची गरज नव्हती.

"काका, इतकं नको," कुमार पुटपुटला.

"मान बुडाला म्हनलास ना? मंग घे. मधली आळी कुनाचं ठिवत न्हाई." आणि ते सुलक्षणाकडे न बघता घराच्या वाटेला लागले.

कुमारनं ती पाळी घेतली. नाही म्हणाला असता तर गेनबांचा आणखी अपमान झाला असता, हे त्यालाही कळत होतं. सुलक्षणा खुर्चीवर राहिली. पुढच्या सभेला ती गेली तेव्हा पाठ टेकून बसल्याचं तिच्या ध्यानात आलं ते सभा संपता संपता, कंबर दुखत नव्हती म्हणून.

गेनबा मात्र तिच्याशी बोलेनात. घरात निरोप धोंडाबाईंकरवी जायचे. "तिला म्हनावं चहात साखर कमी टाक." धोंडाबाई चुलीकडे तोंड करून सांगायच्या, "साखर कमी म्हंत्यात," आणि सुलक्षणा त्यांच्यापासून दोन हातांवर उभी असायची. उन्हाळा असा गेला. पावसात भाताची आवणी झाली, पोटरीत कणीस भरू लागलं, तरी असंच.

काढणी झाली की वेल्ह्यात वर्ग उघडायचा, हे पक्कं झालं. सोमनाथच्या जीपमधून वेल्ह्याला जाणारा-येणारा गावोगाव सांगत सुटला. आणि एके दिवशी ऊन कलल्यावर खालच्या आळीतला भिमा गेनबांच्या पडवीत येऊन बसला. त्याची धाकटी मुलगी बारावी होऊन घरी होती. आधी तो भाताचं बोलला, मग रानडुकरांनी काय नासवलं ते बोलला, मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"काका, पोरगी म्हंती त्या वर्गाला जायचं. पाठवू का नको? तुमी वडीलमानूस. तुमच्या घरातलंच काम हाय म्हून ईचारतो."

आत सुलक्षणा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

गेनबांनी चुन्याची डबी उघडली, तंबाखू मळली, चिमूट भिमाच्या हातावर ठेवली.

"मला त्यातलं काय म्हाईत," ते म्हणाले. "कंबर न मोडता मानूस उचलायला शिकवत्यात म्हनं. तिलाच ईचार, आत हाय." मग दाराकडे तोंड करून, धोंडाबाई घरात नसल्यामुळे कुणाकरवी नाही, त्यांनी स्वतःच आवाज दिला. "सुलक्षणा, भिमा आलाय. तव्यावरची तेवढी उतरव आन् भाईर ये."